अपघातानंतरचे कागद : पुढचा उपचारही लिहून घ्या

मागील अंकात खुब्याच्या अस्थिभंगावर लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र हाडांविषयी नव्हते, कागदांविषयी होते. लिहिणाऱ्या सूनबाईंचे सासरे, वय 74, सकाळी दूध आणण्यास निघाले असता मोटारीचा धक्का लागून पडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, नवव्या दिवशी ते घरी आले. आता त्या मोटारीच्या विमा कंपनीकडून तडजोडीचा प्रस्ताव आला आहे. त्यात रुग्णालयाचे बिल आहे आणि वर थोडी रक्कम आहे. ‘सासऱ्यांना अजून वॉकरशिवाय उभे राहता येत नाही. प्रस्ताव मान्य केला तर पुढच्या खर्चाचे काय? त्यासाठी डॉक्टरांकडून कोणता कागद घ्यावा लागतो?’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रस्ताव मान्य करावा की नाही, हे त्यांच्या वकिलांनी सांगावयाचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हा डॉक्टरांच्या टेबलावर असते, आणि आपण मागितल्यावाचून ते बहुधा मिळत नाही.

रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड हा झालेल्या गोष्टींचा कागद आहे. कोणते हाड मोडले, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणता रॉड बसवला, घरी जाताना नाडी व रक्तदाब किती होता, हे सारे त्यात असते. पुढे काय, याला शेवटी दोन ओळी मिळतात : फिजिओथेरपी चालू ठेवणे, दोन आठवड्यांनी दाखवण्यास येणे. तिशीतल्या माणसाचे एवढ्याने फारसे अडत नाही. सत्तरीपुढच्या माणसाचा खरा उपचार मात्र घरी आल्यावर सुरू होतो. त्याला पुन्हा चालते करणे, पाठीला जखमा होऊ न देणे, छातीत कफ साचू न देणे, रात्री शौचालयापर्यंत नेणे, मनाने खचू न देणे, यांत महिने जातात व पैसाही जातो. आणि यातील बहुतेक गोष्टी कोणत्याच कागदावर येत नाहीत. जे कागदावर नाही, ते भरपाईतही नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मी वकील नव्हे, पण अपघातग्रस्तांची पत्रे लिहिता लिहिता एवढे कळावयास लागते. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या वाहनाचा थर्ड पार्टी विमा असणे बंधनकारक आहे. वाहनाच्या धक्क्याने जखमी झालेल्या माणसाची भरपाई या विम्यातून होते आणि ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. दावा अपघात झाला त्याच गावी लावला पाहिजे असे नाही. जखमी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो लावता येतो. आजारी माणसाला घेऊन परगावी खेपा घालाव्या लागतील या भीतीने कोणी थांबले असेल, तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भरपाई सरसकट एका आकड्याने ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात तिचे भाग नीट मांडले आहेत. झालेला उपचार, औषधे, ने-आण व पौष्टिक आहार यांचा खर्च, बुडालेली मिळकत, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी मिळकत, पुढील उपचारांचा खर्च, वेदना व मनस्ताप, आणि जगण्यातील सुखसोयींना मुकणे. कमावत्या माणसाच्या दाव्यात मिळकतीचा भाग सर्वांत मोठा असतो. पुढील मिळकत मोजताना वर्षाच्या आकड्याला वयाप्रमाणे एका गुणकाने गुणतात. 61 ते 65 वयाला हा गुणक 7 आहे आणि 66 च्या पुढे 5. शिवाय निवृत्तिवेतन काही अपघाताने थांबत नाही. म्हणून ‘या वयात कसली आली भरपाई’ असे म्हणून कितीतरी कुटुंबे दाव्याच्या वाटेला जात नाहीत.

येथेच गफलत होते. मिळकतीचा भाग वगळला तरी उपचार, पुढचा उपचार, मदतनीस, वेदना आणि गमावलेली स्वावलंबी दिनचर्या हे सर्व भाग शिल्लक राहतात, आणि त्यांचा पगाराच्या चिठ्ठीशी काही संबंध नाही. ते उभे राहतात डॉक्टरांच्या कागदावर. तरुणाच्या दाव्यात वैद्यकीय कागद हा अनेक पुराव्यांतील एक असतो. वृद्धाच्या दाव्यात बहुधा तोच मुख्य पुरावा असतो. आणि घर सांभाळणाऱ्या आजींच्या श्रमाला पैशाचे मोल नाही असेही कोणी समजू नये. गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केले आहे.

आता पहिल्या दिवसाच्या कागदाविषयी. जखमीला कॅज्युअल्टीत आणल्यावर डॉक्टर विचारतात, ‘काय झाले?’ पोलिसांची झंझट नको, दुचाकीवाला मुलगा आपल्याच सोसायटीतला, त्याच्या आईवडिलांना काय वाटेल, अशा विचाराने घरचे सांगतात, ‘पाय घसरून पडले.’ केसपेपरवर ते तसेच लिहिले जाते. दीड महिन्याने खर्च हाताबाहेर गेला आणि दावा करावयाचा ठरला, की सर्वांत आधी तोच केसपेपर समोर येतो. त्या मुलाचा विमा वैध असेल तर पैसे त्याच्या बापाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. आपुलकी जपण्यासाठी खोटी हकिकत सांगण्याचे कारण नाही. खरे काय घडले ते सांगावे, वाहनाचा क्रमांक ठाऊक असल्यास सांगावा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद, झाली की नाही हे विचारावे.

त्या कागदावर अपघाताच्या हकिकतीपूर्वी ‘अलेज्ड’ हा इंग्रजी शब्द दिसला तर मनाला लावून घेऊ नये. ‘आम्ही काय खोटे बोलतो?’ असे विचारत एक आजोबा माझ्या दवाखान्यात आले होते. डॉक्टरने अपघात स्वतः पाहिलेला नसतो, म्हणून ‘सांगितल्याप्रमाणे’ या अर्थी तो शब्द पडतो. सगळ्यांच्याच कागदावर असतो.

पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट व्हावी. मोडलेले हाड सर्वांना दिसते; बाकीचा मुका मार नोंदला जात नाही. डोक्याला टेंगूळ आले असेल, मान आखडली असेल, दात हलला असेल, बरगडी दुखत असेल, तर तेही सांगून लिहून घ्यावे. हे केवळ कागदासाठी नव्हे. वयोमानाने मेंदू थोडा आक्रसतो, कवटी व मेंदू यांमधील बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ माराने त्यांतून थेंबथेंब रक्त झिरपू लागते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. लक्षणे मात्र दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात : डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झोक जाणे. घरच्यांना वाटते, म्हातारपण आले. असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि अपघाताची आठवण आवर्जून द्यावी. डोक्याचा सीटी स्कॅन करून निदान होते व वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास माणूस चांगला बरा होतो. आणि पहिल्या दिवसाच्या कागदावर ‘डोक्यास मार’ हे दोन शब्द असतील, तर या आजाराचा अपघाताशी संबंध दाखवण्यास वेगळी यातायात करावी लागत नाही.

आता मुख्य कागदाकडे येऊ. त्याला ठरावीक नाव नाही. मी त्याला ‘पुढील उपचारांचे पत्र’ म्हणतो. शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ रुग्णाला अपघातानंतर प्रथमच पाहतात. त्यांच्या लेखी तो ‘चौऱ्याहत्तर वर्षांचा, ठिसूळ हाडांचा पुरुष’ असतो. हा माणूस महिन्यापूर्वी मंडईतून भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढत होता, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ठाऊक असते कुटुंबाच्या डॉक्टरला. म्हणून हाडांविषयीचे मत तज्ज्ञांचे घ्यावे, पण अपघातापूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस यांतील अंतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. शल्यविशारदांच्या कागदांना ही जोड नसेल, तर समोरचा वकील सहज म्हणतो, या वयात असे चालणे बिघडतेच.

पत्र कसे असावे, याचा एक नमुना देतो. रुग्ण काल्पनिक आहे, पण मजकूर साधारण असाच असतो :

‘या 72 वर्षांच्या महिलेस मी 2011 पासून तपासत आहे. अपघातापूर्वी त्या काठीविना चालत, सकाळी दोन किलोमीटर फिरत, स्वयंपाक, आंघोळ व बाजारहाट स्वतः करीत. रक्तदाब व मधुमेह औषधांनी आटोक्यात होते. दोन्ही गुडघ्यांत सौम्य झीज होती. तिच्यामुळे हिंडण्याफिरण्यास अडथळा नव्हता. अपघातात डाव्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली. आज, सहा आठवड्यांनंतर, त्या वॉकर व एका माणसाच्या आधाराने दहा-बारा पावले चालतात. शौचास बसण्या-उठण्यास, आंघोळीस व कपडे बदलण्यास मदत लागते. रात्री एकटीने उठणे धोक्याचे आहे. पुढील 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, घरी फिजिओथेरपी लागेल, म्हणजे 36 भेटी. दिवसा व रात्री मदतनीस तीन महिने आवश्यक; त्यानंतर पुन्हा तपासून ठरवू. कमोड खुर्ची, वॉकर व न्हाणीघरात आधाराचे दांडे आवश्यक. दर सहा आठवड्यांनी एक्स-रे व अस्थिरोगतज्ज्ञांची भेट. हाड न जुळल्यास वा रॉड सरकल्यास दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. ती लागेलच असे आज सांगता येत नाही.’

खाली तारीख, सही, शिक्का व नोंदणी क्रमांक. पत्र इंग्रजीतच हवे असे नाही. आपल्याकडील जिल्हा न्यायालयांत मराठी चालते. प्रत्येक गोष्टीपुढे खर्चाचा अंदाज हवा, आणि तो मनाने लिहू नये. फिजिओथेरपिस्टकडून एका भेटीचा दर, ब्युरोकडून मदतनिसाचा महिन्याचा दर आणि रुग्णालयाकडून संभाव्य शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक असे तीन कागद जोडले म्हणजे आकड्यांना आधार मिळतो.

या नमुन्यात गुडघ्यांची झीज का लिहिली, असे काही घरचे विचारतात. ती लपवावी असे त्यांना वाटते. ती लपत नाही. एक्स-रेच्या अहवालात ती छापलेली असते आणि उलटतपासणीत बाहेर आली तर साऱ्या पत्रावरचा विश्वास उडतो. उलट ‘झीज होती, तरी चालणे ठीक होते’ हे वाक्य दावेदाराच्या बाजूचे आहे. ज्याला धक्का बसला त्याची हाडे ठिसूळ होती म्हणून धक्का देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. तसेच तरुणांना रॉड काढण्याची शस्त्रक्रिया कधी कधी लागते म्हणून ती वृद्धाच्या पत्रात आपोआप घालू नये. उतारवयात त्रास नसल्यास रॉड सहसा तसाच राहू देतात. मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, दातांची जुनी कवळी हेही या पत्रात येता कामा नये.

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात असा उपचार आराखडा भरण्यासाठी छापील अर्जच आहे. त्याला ओसीएफ-18 म्हणतात. दुखापत कोणती, आधीचे आजार कोणते, दैनंदिन कोणत्या हालचाली अडल्या आहेत, उपचाराचे ध्येय काय, भेटी किती, प्रत्येकीचा खर्च किती, हे सारे त्यात आधीच लिहून डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट विमा कंपनीकडे मंजुरीसाठी पाठवतात, आणि कंपनीने कामकाजाच्या 10 दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. तेथे चूक कोणाची हे ठरण्याची वाट न पाहता हे लाभ मिळतात. मुलाकडे टोरांटोला वा ब्रॅम्प्टनला गेलेल्या आईवडिलांना तेथे मोटार अपघात झाला, तर प्रवासी विम्याबरोबर हेही विचारावे. आणि भारतातील आपल्या डॉक्टरांकडून पूर्वप्रकृतीचे पत्र मागवून घ्यावे, कारण ‘आधीचे आजार’ या रकान्यात तेथील डॉक्टर तर्कानेच लिहील. आपल्याकडे डॉक्टरांनी पुढचा उपचार मांडावा असा छापील अर्ज रुग्णाच्या हाती पडत नाही. म्हणून कोऱ्या लेटरहेडवर तेच प्रश्न मनात धरून उत्तरे लिहावयाची.

घाई कशाची, असे वाटेल. घाई दोन कारणांनी आहे. एक, 2019 च्या दुरुस्तीनंतर विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने अपघाताची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा अशी तरतूद कायद्यात आली. तरतूद चांगली आहे. वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा बरी. पण तीस दिवसांत सत्तरीतल्या माणसाचे हाड जुळत नाही. प्रस्ताव मान्य करून न्यायाधिकरणात नोंद झाली की दावा संमतीने मिटला असे धरले जाते, आणि चौथ्या महिन्यात लागलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मागणी करण्यास जागा उरत नाही. म्हणून प्रस्तावावर बोलणी करण्यापूर्वी पुढील उपचारांचे पत्र हाती असावे. दुसरे, 2022 पासून लागू नियमांत पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत, जखमीने आपल्या माहितीचा नमुना 6 हा 60 दिवसांत आणि पोलिसांनी सविस्तर अहवाल 90 दिवसांत द्यावयाचा आहे. दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्याच्या भरवशावर आपण उशीर करू नये.

आता टक्क्यांविषयी, कारण दवाखान्यात सर्वांत अवघड प्रसंग याच शब्दावरून येतो. ‘डॉक्टर, टक्के जरा वाढवून लिहा’ अशी विनंती करणारे लोक वाईट नसतात. थकलेले व कर्जात असतात. तरीही तसे करता येत नाही, आणि तसे करण्याचा उपयोगही नसतो. ज्या निकालाचा उल्लेख वर केला, त्यातच सर्वोच्च न्यायालयाने उपचार न करता तयार प्रमाणपत्रे देणाऱ्या डॉक्टरांविषयी न्यायाधिकरणांना सावध केले आहे. त्याच निकालात असेही सांगितले आहे की पायाचे 45 टक्के अपंगत्व म्हणजे सर्व शरीराचे 45 टक्के नव्हे, आणि तितकेच कमाईचे नुकसानही नव्हे. टक्का म्हणजे सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, पायाची लांबी यांचे मोजमाप. त्यातून माणसाचे जगणे कळत नाही. ‘35 टक्के’ याने न्यायाधीशांना जे कळत नाही, ते ‘पूर्वी रोज देवळात जात, आता पाच पायऱ्या चढता येत नाहीत’ या वाक्याने कळते. म्हणून टक्के वाढवण्यापेक्षा तपशील वाढवावा. तो खरा असतो आणि उलटतपासणीत टिकतो. कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाड जुळून अवस्था स्थिर झाल्यावरच घ्यावयाचे, त्याची घाई नको. घाई वरच्या पत्राची करावी.

साक्षीचा प्रश्नही असतो. केवळ कागद दाखल करून भागत नाही, बहुधा डॉक्टरला त्याविषयी सांगावे लागते, आणि आमचे व्यवसायबंधू न्यायालयात जाण्याचे टाळतात हे खरे आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये, ठरावीक वेळी साक्ष घ्यावी अथवा कमिशनद्वारे नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयानेच सुचवले आहे. आपल्या वकिलांनी हे मागावे. डॉक्टर नाही म्हणण्याची शक्यता कमी होते.

बिलांविषयी फार लिहीत नाही. पक्के बिल, त्यावर रुग्णाचे नाव व तारीख, एवढे पुरे. मात्र घरी येणाऱ्या माणसांच्या पावत्यांविषयी लिहिलेच पाहिजे. फिजिओथेरपिस्टला दर भेटीला रोख दिले जातात, मावशींना महिन्याच्या शेवटी पाकिटात दिले जातात आणि पावती कोणीच मागत नाही. महिन्यातून एकदा तरी तारखा, भेटींची संख्या व रक्कम लिहून सही घ्यावी. शक्य असल्यास पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे नोंद आपोआप राहते. सुनेने वा मुलीने नोकरीतून रजा घेऊन शुश्रूषा केली असेल, तर तिची रजेची नोंद कार्यालयाकडून घ्यावी. घरच्यांनी विनामूल्य केलेल्या सेवेचा फायदा अपघात करणाऱ्याला मिळू नये, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फार पूर्वी म्हटलेले आहे. या सेवेचे मोल धरावे अशी मागणी करण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. एक शंभर पानी वही घालावी आणि रोज दोन ओळी लिहाव्यात : आज किती पावले चालले, रात्री किती वेळा उठवावे लागले, वेदना कशी होती. तीन महिन्यांनी डॉक्टरला नवे पत्र लिहिताना या वहीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

मेडिक्लेम असेल तर मूळ बिले त्या कंपनीकडे जातात. जाण्यापूर्वी प्रत्येकाची झेरॉक्स काढावी आणि दावा मंजूर झाल्याचे पत्र त्या प्रतींना जोडावे. मेडिक्लेममधून पैसे मिळाले म्हणून अपघात दाव्यातील वैद्यकीय खर्चातून ते वजा करता येत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे. हप्ता आपण भरला होता, त्याचे फळ धडक देणाऱ्याला मिळू नये, असा त्यामागचा विचार आहे. ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांनी केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना लक्षात ठेवावी. मे 2025 पासून ती लागू आहे. रस्ते अपघातातील जखमीला योजनेतील रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात. पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची वेगळी भरपाई आहे; तिचा अर्ज तहसील वा प्रांत कार्यालयाच्या वाटेने जातो. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे.

मुलाच्या गाडीत मागे बसलेले असताना अपघात झाला, तर विम्याचा प्रकार पाहावा. पॅकेज विमा असल्यास खासगी गाडीत बसलेल्यांची जबाबदारी त्यात येते. नुसता थर्ड पार्टी विमा असल्यास अडचण येते. मालक-चालकाचा जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो चालवणाऱ्या मालकासाठी आहे, मागे बसलेल्या आईसाठी नव्हे. गाडीचे नूतनीकरण करताना मुलांनी सहप्रवाशांच्या विम्याविषयी विचारावे.

रुग्णालयाकडे कागद मागताना अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. नोंदी जपून ठेवण्याचे बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे आणि दावा त्याहून लांबू शकतो. म्हणून एक्स-रेच्या फिल्म, शस्त्रक्रियेची टिपणे, बसवलेल्या रॉडचे स्टिकर हे सारे पहिल्या महिन्यातच घरी आणून ठेवावे. फिल्म उन्हात वा गादीखाली ठेवू नयेत.

आणि आपल्या डॉक्टरांकडे पुढील उपचारांचे पत्र मागण्यास जाल, तेव्हा सोमवारी संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नये. वेळ ठरवून जावे. सोबत डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, अपघातापूर्वीच्या जुन्या चिठ्ठ्या आणि ती वही न्यावी. शक्य असेल तर रुग्णालाही न्यावे, नाहीतर डॉक्टरांना घरी बोलवावे. खुर्चीतून उठण्यास किती वेळ लागतो, हे पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही.